जहाज आणि समुद्री बर्फाचं सिम्युलेशन : या चुका टाळा

सांगलीत आपल्याला बर्फ भेटतो तो रसवंतीवर. गोणपाटात गुंडाळलेली लादी, टोकदार सळईचा एक घाव, आणि काचेसारखे टणक तुकडे. विश्रामबागेतल्या खोलीवर बसून बर्फ फोडणाऱ्या जहाजाचं पहिलं मॉडेल केलं, तेव्हा माझ्या डोक्यात हीच लादी होती. गोड्या पाण्याच्या बर्फाची ताकद टाकली आणि जहाजावरचं बल अवाच्या सवा आलं.

समुद्राचा बर्फ गोठताना बरंचसं मीठ बाहेर टाकतो, पण थोडं खारं पाणी बारीक कप्प्यांत अडकून राहतं. त्यानेच तो कमजोर होतो. टिमको आणि ओब्रायन या संशोधकांच्या १९९४ च्या सूत्राने खारं पाणी शून्य असेल तर वाकून मोडण्याची ताकद १.७६ मेगापास्कल येते. आकारमानाच्या ५ टक्के खारं पाणी धरलं की सुमारे ०.४७. आधी तापमान आणि क्षारता ठरवा, मग ताकद.

दुसरी चूक पाण्याला विसरण्याची. जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बर्फावर चढते आणि त्याला खाली वाकवून मोडते. खालून पाणी उचलून धरतं : मीटरभर दाबलं तर दर चौरस मीटरला सुमारे १० किलोन्यूटन. ही स्प्रिंग मॉडेलमध्ये हवीच. मीटरभर जाडीचा थर आणि ५ गिगापास्कल स्थितिस्थापकता (बर्फाचा ताठपणा) धरली, तर वाकण्याची वैशिष्ट्यपूर्ण लांबी, म्हणजे वाक किती दूर पोचतो त्याचं माप, साधारण १४-१५ मीटर निघते. अशा वेळी ३० मीटरचा थर घेऊन मॉडेलमध्ये त्याच्या कडा घट्ट बांधल्या, तर उत्तरात बर्फापेक्षा कडांचाच जोर जास्त दिसतो. थर मोठा घ्या.

सगळ्यात चिवट चूक म्हणजे तुटलेले एलिमेंट, म्हणजे मॉडेलमध्ये बर्फ ज्या छोट्या ठोकळ्यांत विभागतो ते, पुसून टाकणं. चित्र सुरेख दिसतं, जहाजामागे स्वच्छ पाणी. प्रत्यक्षात तुकडे कलंडतात, नाळेखाली दाबले जातात, तळाला घासत मागे सरकतात. बर्फाचा जहाजाला होणारा विरोध काढणाऱ्या लिंडक्विस्टच्या १९८९ च्या सूत्रात चुरडणं, वाकवून मोडणं आणि बुडवणं यांचे हिस्से वेगळे मोजलेत ते म्हणूनच. दोन तुटण्यांच्या मधे बलाचा आलेख शून्याला टेकत असेल, तर तुमचे तुकडे गायब होताहेत. प्रत्येक तुकडा स्वतंत्र धरणाऱ्या डिस्क्रीट एलिमेंट पद्धतीत ते शाबूत राहतात.

२५ सेंटीमीटरच्या एलिमेंटला एक्स्प्लिसिट पद्धतीत (आताच्या स्थितीवरून थेट पुढची काढत जाणाऱ्या) वेळेची पायरी ०.०००१ सेकंदाच्या आसपासच ठेवावी लागते. जाळीही, म्हणजे एलिमेंटचा आकार, एकदा निम्मी करून पाहा.

रन लावण्याआधी लिंडक्विस्टचा हिशोब वहीत करून ठेवतो. उत्तर त्याच्या दुप्पट-तिप्पट आलं, की आधी मीठ तपासतो, मग कडा, मग तुकडे.