पद्मिनीच्या सीटला नवं रेक्झिन

बाबांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी. पुढची सीट बाकासारखी सलग, गिअर स्टिअरिंगपाशी, त्यामुळे मधेही एक जण बसतो. लहानपणी ती जागा माझी. शिवण उसवली, आतला काथ्या गळायला लागला, तेव्हा गाड्यांच्या सामानासाठी पुण्यातली नाना पेठ गाठली.

दुकानदार म्हणाला, "साहेब, लेदर टाका, चकाचक दिसेल." नको म्हटलं. मुळात रेक्झिन होतं, तेच हवं. मागे कापडी अस्तर असलेलं घेतलं. बिनअस्तराचं शिवणीपाशी लवकर फाटतं.

जुनं कव्हर ओरबाडून काढू नका. मी ब्लेडने टाके उसवून प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडे टाकले. कटिंगला तेच नमुने झाले. स्प्रिंगांचा गंज तारेच्या ब्रशने घासला, वर गोणपाट, मग फोम. पहिल्यांदा फोम इतका जाड आणला की डोकं छताला टेकायला लागलं! पुन्हा हेलपाटा.

शिवून आलेलं कव्हर तासभर गच्चीवर उन्हात ठेवलं. रेक्झिन मऊ पडतं, नीट ताणलं जातं. आधी मध्यभाग, मग कोपरे. कव्हर सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या तारेच्या रिंगा पकडीने दाबल्या. डाव्या कोपऱ्यात एक चुणी राहिलीच. आईला ती गाडीत बसायच्या आधीच दिसली.