घाट उतरताना ब्रेक कुठं धरायचा, कुठं सोडायचा

पन्हाळ्यावर सायकलनं चढताना जो सगळ्यांच्या पुढं असतो, तोच उतरताना वाघबीळ फाटा येईपर्यंत सगळ्यांच्या मागं गेलेला दिसतो. पायात ताकद भरपूर असते, पण उतारावर पायांना कामच नसतं. बोटं ब्रेकवर आवळलेली, खांदे कानाला लागलेले, नजर पुढच्या चाकासमोरच्या दोन हात रस्त्यावर खिळलेली. अशा माणसाला ‘घाबरू नको, सोड गाडी’ म्हणणं चुकीचं आहे आणि धोक्याचंही. त्याची भीती बहुतेक वेळा खरं सांगत असते. हवं तिथं थांबता येणार नाही, हे त्याला आतून कळलेलं असतं. थांबण्याची खात्री झाली की वेग आपोआप येतो, म्हणून सगळी सुरुवात ब्रेकपासून.

आदल्या रात्रीची तपासणी

पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढंमागं हलवा आणि दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटवर, म्हणजे हँडलची दांडी फ्रेममध्ये जिथं फिरते तिथल्या बेअरिंगवर ठेवा. तिथं टकटक जाणवली तर हेडसेट ढिला आहे. तो आवळताना आधी स्टेमच्या, म्हणजे हँडल धरणाऱ्या जोडाच्या बाजूचे दोन बोल्ट सैल करायचे, मग वरच्या टोपीचा बोल्ट खेळ जाईपर्यंत फिरवायचा आणि शेवटी स्टेमचे बोल्ट त्यावर छापलेल्या न्यूटन-मीटरइतक्या जोरानं आवळायचे. बाजूचे बोल्ट न सोडता नुसती टोपी आवळली तर काहीच फरक पडत नाही. हीच चूक सर्रास होते.

रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कड्याला धरणारा ब्रेक असेल तर पॅड काढून उजेडात धरा. रबरात ॲल्युमिनियमचे चकाकणारे कण रुतलेले दिसले तर सेफ्टी पिनेनं उकरून काढा, नाहीतर ते रिम खरवडतात. डिस्क, म्हणजे चाकाच्या मध्यावरच्या चकतीला (रोटरला) धरणारा ब्रेक असेल तर पॅडवरचा मसाला बघा. ब्रेक बनवणाऱ्या शिमानो कंपनीची मर्यादा ०.५ मिलिमीटरची आहे, पण घाटावर जायचं असेल तर १ मिलिमीटर राहिला की बदलावा. शिमानोचा नवा रोटर १.८ मिलिमीटर जाड असतो आणि १.५ ला तो काढायचाच. नवे पॅड टाकून थेट घाटात जाऊ नका. सपाटीवर ताशी २५ च्या वेगात यायचं, ब्रेक दाबून चालण्याच्या गतीपर्यंत उतरायचं, पूर्ण थांबायचं नाही. असं वीसेक वेळा केलं की पॅड आणि रोटर एकमेकांना बसतात. चेनवर तेलाचा फवारा मारताना तो रोटरवर उडाला तर पॅड तेल पितात आणि मग ब्रेक ओरडतो, पण धरत नाही.

टायरमध्ये हवा दाबून भरली की सायकल पळते, हा समज उतारावर फार महागात पडतो. कडक टायर खडबडीत डांबरावर उड्या मारतो आणि उडालेल्या टायरला पकड नसते. ७० किलोच्या माणसाला ट्यूबवाल्या २५ मिलिमीटर टायरला ८० ते ९० आणि २८ ला ६५ ते ७५ पीएसआय पुरतं. पुढं मागच्यापेक्षा पाचेक कमी. टायर आणि रिमवर छापलेली मर्यादा कधीही ओलांडायची नाही.

आता ज्याकडं जवळजवळ कुणीच बघत नाही ती गोष्ट. हँडलच्या खालच्या वाकड्या भागात, म्हणजे ड्रॉपमध्ये हात ठेवून बसा आणि मनगट न वळवता तर्जनी लिव्हरवर टाका. बोटाचं पहिलं पेर लिव्हरभोवती वळलं पाहिजे. नुसतं टोक टेकत असेल तर लिव्हर हाताच्या मानानं लांब आहे. बहुतेक लिव्हरना ती जवळ आणायचा छोटा स्क्रू असतो. कुठं रबराच्या आवरणाखाली, कुठं लिव्हरच्या पुढच्या बाजूला. दुकानातून आलेली सायकल लांब बोटांच्या हिशोबानं लावलेली असते. लहान हाताचा माणूस मग ड्रॉपमध्ये जातच नाही, वर हूडवर, म्हणजे लिव्हरच्या रबरी मुठीवर हात ठेवून ब्रेक ओढत राहतो. तिथून ब्रेकवर जोर कमी पडतो, खड्डा आला तर हात सुटू शकतो आणि अंगाचं वजनही वर राहतं. निम्मी भीती या एका स्क्रूनं जाते.

आधी मैदानात

पहाटेचा मोकळा, सपाट डांबरी तुकडा शोधा आणि कडेला पाण्याची बाटली ठेवा. ताशी २५ ने या, बाटलीपाशी दोन्ही ब्रेक दाबा. दाबताना ढुंगण सीटच्या मागं सरकवा, कोपरं घट्ट ठेवा, दोन्ही पेडल समपातळीत. जोर एकदम नको. लिंबू पिळतो तसा चढता दाब द्या. ब्रेक लागला की वजन पुढं येतं, म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. मागचं चाक घसरायला लागलं तर ते हलकं झालंय असं समजा. दोन्ही ब्रेक थोडे सैल करा, अंग आणखी मागं न्या. एका सकाळी दहा वेळा, अशा तीन सकाळी.

मग हा हिशोब डोक्यात ठेवा. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर. काही दिसल्यापासून बोट दाबेपर्यंत एक सेकंद धरला तर १० मीटर तिथंच जातात आणि कोरड्या सपाट डांबरावर चांगला ब्रेक लागला तरी आणखी १० मीटर. ताशी ५४ ला हेच १५ अधिक २३, म्हणजे ३८ मीटर. वेग दीडपट, थांबायचं अंतर जवळजवळ दुप्पट. उतारावर याहून जास्त. त्यामुळं जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता येईल, एवढाच वेग.

दाबून ठेवायचं की दाबून सोडायचं

संपूर्ण उतार ब्रेक हलका धरून उतरणं सुरक्षित वाटतं, पण ते घातक आहे. रिम ब्रेकमध्ये सगळी उष्णता रिममध्ये साठते, आतली हवा तापते आणि ट्यूब फुटू शकते. कार्बनच्या रिमचा तर काठच सुटून येऊ शकतो. डिस्क तापली की पॅड चकचकीत होतात आणि धरेनासे होतात. त्याऐवजी सरळ रस्त्यावर सोडा, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबा, वेग उतरवा आणि पूर्ण सोडा. मधल्या वेळात वारा रिम थंड करतो, शिवाय सोडलेल्या वेगात बराचसा वेग वाराच खातो, तेवढी उष्णता ब्रेकला मिळतच नाही. हात भरून आले तर थांबा, पाच मिनिटं द्या. तापलेल्या रोटरला बोट लावू नका आणि त्यावर पाणी ओतू नका, तो वाकतो.

वळण

आपण डावीकडून चालतो, त्यामुळं डावं आणि उजवं वळण सारखं नसतं.

डाव्या हेअरपिन वळणाला आपल्या अर्ध्या रस्त्याच्या मधल्या पट्टीकडच्या बाजूनं या. सायकल उभी असतानाच ब्रेक पूर्ण करा. झुकायच्या आधी बोटं सैल. उजवा पाय खाली, त्यावर पूर्ण वजन, डावं पेडल वर. आता डाव्या तळहातानं हँडल हलकं पुढं ढकला. सायकल डावीकडं झुकेल आणि वळेल. हे पहिल्यांदा उलट वाटतं, मैदानात करून बघितलं की पटतं. आतल्या काठाकडं लवकर घुसू नका, वळणाचं दुसरं टोक दिसेपर्यंत बाहेर थांबा. वर येणारी एसटी किंवा उसाची ट्रॉली वळणात पसरून येते आणि ती तेव्हाच दिसते. अगदी काठालाही जाऊ नका, सगळी खडी आणि पालापाचोळा तिथंच गोळा झालेला असतो. हातभर जागा सोडा.

उजव्या वळणाला डाव्या काठापासून हातभर आत राहून सुरुवात करा. इथं डावा पाय खाली. आत झुकताना चाक आपल्या बाजूला असलं तरी डोकं आणि खांदा मधल्या पट्टीच्या पलीकडं जातो, हे लक्षात येत नाही. चाक पट्टीपासून किमान दोन हात अलीकडं पाहिजे. वडापवाले, म्हणजे शेअर जीपवाले, वळण कापत वर येतात.

नजर नेहमी जिथं जायचंय तिथं. कठड्याकडं बघितलं की सायकल कठड्याकडं जाते. वेग जास्त झालाय असं वळणात कळलं तर पुढचा ब्रेक आवळू नका. पुढं सरळ जागा असेल तर सायकल उभी करा, ब्रेक दाबा, सोडा, पुन्हा झुका. जागा नसेल तर आतला हात आणखी ढकला. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर टायरला आपल्या धीरापेक्षा जास्त पकड असते.

सरळ उतारावर पेडल समपातळीत, वजन पायांवर, सीटला नुसता स्पर्श, कोपरं वाकलेली. वरच्या नळीवर बसून उतरण्याची पद्धत यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं १ एप्रिल २०२१ पासून शर्यतींत बंद केली आहे. आपल्या रस्त्यांवर तर ती करूच नका.

वेगात पुढचा भाग अचानक थरथरू लागला तर हँडल आवळल्यानं थरथर वाढते. दोन्ही गुडघ्यांनी वरची नळी चिमटीत धरा, ढुंगण सीटवरून किंचित उचला, पकड ढिली करा, मागचा ब्रेक हळू लावा. घरी आल्यावर हेडसेट, हबचा (चाकाच्या मधल्या आसाचा) खेळ आणि चाकाची सरळता तपासा. थंडीनं अंग कुडकुडत असलं तरी असं होतं. हिवाळ्यात पहाटे वर पोचल्यावर घामेजलेल्या जर्सीत छातीशी वर्तमानपत्र सरकवा आणि मगच उतरा.

कुठं शिकायचं

पन्हाळा आणि जोतिबा. सपाटीपासून पन्हाळा चारेकशे मीटर उंच, शिवाय आधी चढावं लागतं. चढताना खड्डे, खडी, गतिरोधक सगळं हळू डोळ्यांखालून जातं आणि तेच तुमचं उतरायचं टिपण. कोल्हापूरहून निघालं तर करूळ, फोंडा, आंबा या घाटांत उलट आहे. न बघितलेला रस्ता आधी उतरायचा आणि दमल्यावर चढून घरी यायचं. ते नंतर.

पन्हाळ्याच्या उतारावर दोनच वळणं निवडा. पहिल्यांदा इतक्या हळू जा की वळणात ब्रेकला हातच लागणार नाही. तसं तीनदा जमलं की वळणात शिरतानाचा वेग दोन-तीन किलोमीटरनं वाढवा. उतरताना मीटरकडं बघू नका, आकडे खाली आल्यावर बघा.

ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीतून पडलेली कांडी आणि पाचट वळणातच जास्त असतात, कांडीवर चाक आलं की ती रुळासारखी फिरते. जोतिबाच्या रस्त्यावर रविवारी आणि यात्रेच्या दिवसांत गर्दी असते, दवानं ओला झालेला गुलाल साबणासारखा लागतो. पावसात गगनबावड्याकडं सावलीतल्या डांबरावर शेवाळ धरतं, पांढऱ्या पट्ट्या निसरड्या होतात. तेव्हा हवा पाच पीएसआयनं उतरवा, आणि रिम ब्रेक असेल तर वळणाच्या बऱ्याच आधी एकदा हलका दाबून रिमवरचं पाणी पुसून घ्या.

गटानं उतरताना दोघांत तीन-चार सेकंदांचं अंतर ठेवा, नव्या माणसाला शेवटी सोडा आणि वाघबीळ फाट्यावर त्याची वाट बघा. तो आला की त्याच्या टायरवरून, रिम तापली नसेल याची खात्री करून, हात फिरवा. कापलेलं रबर किंवा रुतलेली काच तिथंच सापडते.