सायलेंट हंटर ३ : जहाज हेरून त्याची वाट अडवणे

'सायलेंट हंटर ३' या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीच्या संगणक-खेळात दृष्टीआडची जहाजे शोधण्यासाठी पाणबुडी साधारण २० मीटर खोल नेऊन, वेग अगदी कमी ठेवून, हायड्रोफोनवर (पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर) चहूबाजूंचा कानोसा घ्यावा. जहाज दिसताच त्याचे स्थान नकाशावर टिपावे आणि बरोबर ३ मिनिटे १५ सेकंदांनी पुन्हा टिपावे. दोन खुणांमधले अंतर ७०० मीटर भरले, तर वेग ७ नॉट (ताशी सागरी मैल), म्हणजे दर १०० मीटरला १ नॉट. खुणा जोडणारी रेषा पुढे वाढवली की मार्ग कळतो. घाई नडते ती यानंतर. पाण्याखालून पाठलाग करू नये, कारण खेळातली टाइप ७ जातीची पाणबुडी तिथे जेमतेम साडेसात नॉट गाठते आणि बॅटरीही झपाट्याने उतरते. त्यापेक्षा पृष्ठभागावरून, जहाजाच्या नजरेबाहेर राहून, १७ नॉटने वळसा घालावा आणि त्याच्या मार्गापासून हजारएक मीटरवर, त्या मार्गाशी काटकोनात तोंड करून, बुडी मारून थांबावे.