दहावी-बारावीच्या मुलांची फ्लूची लस

महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात उसळतो. लसीचा परिणाम दिसायला साधारण 2 आठवडे लागतात, म्हणून मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला लस उरकून घ्यावी. 9 वर्षांपुढे दरवर्षी एकच डोस पुरतो, पण गेल्या वर्षीचा यंदा चालत नाही. टोचण्याआधी खोक्यावरची मुदत आणि कोणत्या हंगामाची लस आहे ते वाचा. कधीकधी जुना साठा खपवला जाऊ शकतो. लस 2 ते 8 अंशांत ठेवलेली हवी, गोठलेली बाद. अंगात ताप असेल तर थांबा. लिहित्या हाताच्या दंडात नको, दोन दिवस दुखतो. या वयात सुईनंतर भोवळ येणं नेहमीचं (धिप्पाड पोरंसुद्धा आडवी होतात), म्हणून उपाशीपोटी नेऊ नका आणि 15 मिनिटं बसवून ठेवा. लगेच स्कूटर हातात देऊ नका.