जनगणनेत वैवाहिक स्थितीचा रकाना कसा भरावा

इंदूरच्या रामबागेत किंवा नारायण बागेत फॉर्म हिंदीत असतो आणि उत्तरं मराठीत येतात. प्रगणकांचा घोळ होतो तो वैवाहिक स्थितीच्या रकान्यात. २०११ च्या पत्रकात तिथे पाच आकडे होते: कधीच लग्न न झालेले १, सध्या विवाहित २, विधवा-विधुर ३, विभक्त ४, घटस्फोटित ५. २०२७ च्या गणनेत मोबाइल ॲपवर जे पर्याय येतील, त्यांच्या व्याख्या पुस्तिकेत आधी वाचून घ्या.

‘मॅरिड की अनमॅरिड?’ असं विचारू नका. एकटी राहणारी घटस्फोटित बाई ‘अनमॅरिड’ म्हणून मोकळी होते, तिला १ पडतो आणि मुलांविषयीचे प्रश्न तिला विचारलेच जात नाहीत. आधी विचारा, ‘लग्न कधी झालं होतं का?’ नाही म्हटलं तर १. हो म्हटलं तर जोडीदार हयात आहे का, आणि नसल्यास पुन्हा लग्न केलं का, ते विचारा. पुनर्विवाह झाला असेल तर २. मग तो कोर्टात झालेला असो, पाट असो की माळव्यातला नातरा. दाखला मागायचा नाही. वय १८ किंवा २१ च्या आत असलं तरी सांगतील तेच लिहायचं. शेजारी काहीही म्हणोत, जोडपं कायम एकत्र राहत असेल आणि स्वतःला विवाहित म्हणवत असेल तर २ च.

सर्वांत नाजूक आकडा ४. ‘ती माहेरीच असते’ एवढ्यावर तो लिहू नका. नवरा पुण्याला नोकरीला, बायको सासूच्या आजारपणासाठी इंदूरला, हे २. परत नांदायचा विचारच उरला नसेल तेव्हा ४. कोर्टात केस चालू आहे, निकाल नाही, तरीही ४. हुकूमनामा झाला किंवा समाजाच्या रीतीने काडीमोड झाली आणि दुसरं लग्न नाही, तर ५. हे सासू-सासऱ्यांसमोर विचारलं तर खरं उत्तर मिळणं कठीण. पाणी मागायच्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या दाराशी बोलणं सोपं जातं. पोटगीची केस असलेल्यांना सांगा की जनगणना कायदा, १९४८ च्या कलम १५ प्रमाणे ही नोंद दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालत नाही. एखादी आजी नवऱ्याचं नाव घेत नसेल तर हट्ट धरू नका. कलम ८ मध्येच तशी सवलत आहे. (उखाण्यात घेतील, पण तेवढा वेळ कुणाला?)

लग्नाच्या वेळचं वय पूर्ण वर्षांत लिहा, आणि एकाहून जास्त लग्नं असतील तर पहिल्या लग्नाचं.

घर सोडण्यापूर्वी नात्याचा रकाना पडताळा. कुटुंबप्रमुखाची ‘पत्नी’ लिहिलेल्या बाईपुढे ३ असेल, तर दोहोंपैकी एक नोंद चुकली आहे. तान्ह्या बाळापुढेही १ लिहायचाच, रकाना कोरा ठेवायचा नाही.