व्हीलचेअर कुणाला मिळाली नाही, हे कसं शोधायचं

‘जिल्ह्यात इतक्या व्हीलचेअर वाटल्या’ या आकड्यावरून माजी सैनिकांतला भेद कळत नाही. कुणाला मिळाली, किती दिवसांनी आणि कसली, हे पाहावं लागतं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या नोंदी वंश, लिंग, वय यांनुसार ताडून पाहिल्या गेल्या आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात रकाने थोडे वेगळे लागतील.

माणशी एक ओळ लिहा. तालुका-वाडी, गाडीरस्त्यापासून घरापर्यंतच्या पायऱ्या, वय, स्त्री की पुरुष, हुद्दा, स्वतः सैनिक की विधवा, अपंगत्व सेवेतलं की निवृत्तीनंतरचं, अर्जाची तारीख, खुर्ची आल्याची तारीख, माप घेतलं का, आज वापरात आहे का. नावाऐवजी क्रमांक घाला. सेवेतलं की नंतरचं, हा रकाना गाळू नका. त्यावर मदतीची वाट बदलते, आणि लकवा झालेला किंवा मधुमेहात पाय गेलेला माणूस इथेच निसटतो.

सगळ्यात मोठी चूक छेदात, म्हणजे ‘इतक्यांपैकी’ या आकड्यात होते. छेदात अर्जदार धरू नका, गरजू धरा. मंडणगड तालुका रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय रत्नागिरी शहरात. ज्याला चालताच येत नाही तो अर्जापर्यंत पोचत नाही, आणि अर्जच नाही म्हणून यादी स्वच्छ दिसते. नावं आशाताईंकडून, ग्रामपंचायतीकडून, हयातीच्या दाखल्याच्या वेळी गोळा करा. घरच्यांची संमती आधी घ्या.

दहापेक्षा कमी माणसं असतील तिथे टक्के काढू नका; ‘४ पैकी १’ असंच लिहा. मंडणगड-दापोली-खेड एकत्र धरा, तीन वर्षांच्या नोंदी मिळवा. थांबायला लागलेल्या दिवसांची सरासरी नको, दिवस चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या. ज्यांना खुर्ची अजून आलेलीच नाही त्यांचे आजपर्यंतचे दिवस मोजून, ‘अजून बाकी’ अशी खूण करून, त्याच क्रमात बसवा. त्यांना वगळलं तर सर्वात रखडलेला तालुका सर्वात चपळ दिसतो! तुलना एकाच वयोगटात करा.

मग घरी जाऊन खुर्ची पाहा. माणूस बसल्यावर बैठकीची रुंदी कमरेपेक्षा साधारण अडीच सेंमी जास्त, गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मोकळी, पायटेकू जमिनीपासून निदान ५ सेंमी वर. अठरा इंची सरसकट खुर्चीत किरकोळ अंगाचा माणूस एका कुशीला कलतो नि टेकलेल्या अंगाला जखम होते. अशी खुर्ची ‘मिळाली’त मोजू नका, ‘बिनमापाची’ असा वेगळा रकाना करा.

वापरात नसेल तर कारण लिहा. पाखाडी (घराकडची दगडी पायऱ्यांची वाट), उंबरा, खाऱ्या हवेने गंजलेलं बेअरिंग, चिखलात रुतणारी पुढची छोटी चाकं. कित्येकदा खुर्ची पडवीतच असते, तिच्यावर आमसुलं वाळत. उतार १:१२ धरला तर १५ सेंमी उंबऱ्याला १८० सेंमी लागतात. ६० सेंमी जोत्याला ७.२ मीटर, म्हणजे सगळं खळंच (पुढचं अंगण) गेलं. तिथे खुर्चीबरोबर उताराचाही प्रश्न नोंदवा, नाहीतर दोष ‘वापरत नाहीत’ म्हणून घरच्यांच्या माथी येतो.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला एकच पान द्या: तालुकागट, मधले दिवस, बिनमापाच्या खुर्च्या, अर्जच न झालेले. सोबत मागणी एकच, माप घेणारं शिबिर तालुक्याच्या गावी. मे महिना मागा. पाऊस लागलेला नसतो, आणि चाकरमानी गावी असतात, त्यामुळे म्हाताऱ्याला पाखाडी उतरवायला चार हात आणि ऑनलाइन अर्ज भरायला एक मोबाइल घरातच मिळतो.