सारे मार्ग बंद झाल्यासारखे वाटते तेव्हा देवावर विश्वास कसा ठेवावा

सोंगणीच्या तोंडावर आलेले सोयाबीन पावसात सडले, पऱ्हाटीची बोंडे गुलाबी अळीने पोखरली, सोसायटीचे कर्ज थकले आणि त्याच वर्षी घरात मुलीचे लग्न ठरलेले असले, म्हणजे विदर्भातल्या खेड्यातला माणूस देवासमोर दोन मनांनी बसतो. एक मन हात जोडते आणि दुसरे विचारते की इतकी वर्षे एकादशी, हरिपाठ आणि काकड आरती करून पदरात हेच पडायचे होते काय. हे दुसरे मन पापी नाही. त्याला दडपून केलेली प्रार्थना फार दिवस टिकत नाही, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करावी.

दिवेलागणीनंतरची एक वेळ ठरवून रोज तेव्हाच बसावे आणि आपले गाऱ्हाणे देवाला स्पष्ट शब्दांत सांगावे. ‘माझे भले कर’ अशा मोघम मागणीपेक्षा बँकेचे देणे किती, सावकाराचे किती, मुदत कोणत्या तारखेला संपते आणि त्यातले नेमके कशाचे भय वाटते, हे सारे बोलून दाखवावे. राग आला असल्यास तोही सांगावा, कारण आपल्या संतांनी विठ्ठलाशी उघड भांडण केले आहे आणि त्या भांडणाला परंपरेने भक्तीच मानले आहे. त्यानंतर वहीचे एक पान घेऊन त्याचे दोन भाग करावेत. पाऊस, बाजारभाव, गेलेले पीक आणि लोकांचे बोलणे एका बाजूला लिहावे. तलाठ्याकडे द्यायचा पंचनाम्याचा अर्ज, बँकेत मारायची फेरी आणि भावाला सांगायचा खरा आकडा दुसऱ्या बाजूला लिहावा. पहिली बाजू देवाच्या स्वाधीन करावी आणि दुसऱ्या बाजूतले एकच काम उद्यासाठी निवडावे. सगळी कामे एकदम अंगावर घेणारा माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा खाटेवर पडतो, असे पुष्कळदा दिसते.

देवावर भार टाकला की हातपाय हलवायचे नाहीत, अशी समजूत ज्यांची असेल त्यांनी गाडगेबाबांचे आयुष्य आठवावे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या बाबांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांच्या घरी गेले आणि तिथे सावकारी कर्जाने शेतकऱ्याचे घर कसे बुडते, हे त्यांनी जवळून पाहिले. पुढे त्यांनी आयुष्यभर देवाचे नाव घेतले, पण त्याच कीर्तनातून कर्ज काढून सण करू नका आणि पोरांना शाळेत घाला, असेही बजावले. भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांपासून सुरू होणाऱ्या त्यांच्या दहा कलमी संदेशात दुःखी आणि निराश लोकांना हिंमत देण्याचाही समावेश आहे. कीर्तन चालू असताना मुलाच्या मृत्यूची बातमी येऊनही त्यांनी कीर्तन थांबवले नाही, ही हकीकत मात्र शोकात असलेल्या माणसाला उदाहरण म्हणून ऐकवू नये. तेवढे बळ सर्वांजवळ नसते, आणि रडल्याने श्रद्धा कमी होत नाही.

नवसाच्या बाबतीत सावध राहावे. हतबल झालेल्या घरी कुणीतरी बोकडाचा, उताऱ्याचा किंवा एखाद्या बुवाच्या बैठकीचा मार्ग सुचवतोच, आणि त्यासाठी पुन्हा व्याजाने पैसे काढले जातात. देवाच्या नावाने जो उपाय आपल्याला आणखी कर्जात टाकतो, तो टाळावा. तुळशीला घातलेले पाणी पुरेसे आहे.

कागदोपत्री असलेले मार्ग शोधणे हाही या साधनेचाच भाग समजावा. गावाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आले याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत लागली असेल, तर पीककर्जाच्या पुनर्गठनाबद्दल, म्हणजे फेडीचे हप्ते नव्याने बांधून घेण्याबद्दल, बँकेत विचारावे. अवैध सावकाराने कर्जापोटी जमीन बळकावली असल्यास महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे ती परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. वावर विकण्यासारखा निर्णय मात्र रात्री घेऊ नये आणि एकट्याने तर मुळीच घेऊ नये.

एकटेपणात श्रद्धा लवकर सुकते. गावोगावी तुकडोजी महाराजांनी रुजवलेली सामुदायिक प्रार्थना चालते, तिथे मन लागत नसले तरी जाऊन मागे बसावे. आपल्याला शब्द सुचत नाहीत त्या दिवशी इतरांच्या आवाजात आपला आवाज आपोआप मिसळतो. पैसे मागायला येणाऱ्याच्या भीतीने मंदिरात जाणे सोडलेला माणूस हळूहळू पारावर बसणेही सोडतो, आणि तिथून पुढची वाट फार निसरडी असते.

जीव नकोसा झाल्याचा विचार मनात आला, तर सकाळची वाट न पाहता घरातल्या माणसाला जागे करून ते सांगावे. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रीही बोलता येते. असा विचार येणे म्हणजे देवावरचा विश्वास उडाला, असे समजू नये. तो आजारही असू शकतो आणि त्यावर औषध मिळते. फवारणीची औषधे घरात, खाटेखाली किंवा गोठ्यात न ठेवता कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी.

शेजाऱ्यांनी अशा घरी जाऊन ‘देव परीक्षा पाहतो’ असे सांगू नये. तासभर बसावे, चहा घ्यावा, आकडा विचारण्याची घाई करू नये, आणि निघताना त्या घरच्या माणसाला विचारावे की बँकेत कोणत्या दिवशी जायचे आहे, म्हणजे त्या दिवशी आपणही सोबत येऊ.